लोखंड, मीठ आणि पाणी

तेल कधी खोटं बोलत नाही, असं ताई प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायची, आणि ऐकणारा ड्रायव्हर असला की तो हटकून म्हणायचा, "मग ताई, आमच्या बायकांना इकडे फिरकू देऊ नका म्हणजे झालं." विनोद जुनाच होता. ताई मात्र दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसायची, कारण तेवढ्या हसण्यावर माणसं तेलाची बाटली नीट हातात द्यायची, आदळायची नाहीत.

प्रयोगशाळा म्हणजे डेपोच्या वर्कशॉपमागची एक लांबट खोली. एका टोकाला तेल जाळून त्यातला धातू ओळखणारं मशीन, दुसऱ्या टोकाला मोरी, मधे टेबल. खिडकीतून गाड्या धुण्याचा उतरता ओटा दिसे आणि त्यापलीकडे डोंगर. त्या डोंगरावर दगडाची खाण होती. तिथून ट्रेलर खच्चून भरून खाली यायचे, आणि रस्ता असा उतरता होता की नवख्या माणसाने वरून एकदा खाली बघितलं तर तो दुसऱ्या दिवशी कामावर यायचा नाही.

अशा उतारावर एवढं धूड नुसत्या ब्रेकवर आवरत नाही. त्याला गिअरबॉक्स आवरून धरतो, आणि गिअरबॉक्सला त्याच्या पोटातलं तेल. पूर्वी हे तेल हंगाम संपला की डोळे मिटून बदलून टाकत. मग नवं सिंथेटिक तेल आलं, लालचुटुक, पाण्यासारखं हलकं, उन्हात पातळ होत नाही की थंडीत आखडत नाही. बनवणाऱ्यांनी त्याचं आयुष्य दांडगं सांगितलं होतं. पण सांगणारे बसले होते सपाटीवर, आणि गाड्या उतरत होत्या डोंगरावरून. तेव्हा तेल बदलायचं की आणखी चालवायचं हे तारखेने ठरवायचं नाही, तेलालाच विचारून ठरवायचं, अशी पद्धत पडली. आणि विचारायचं काम ताईकडे आलं. नव्या माणसाला समजवायचं झालं तर ती सरळ सांगायची, "ही गाडीची रक्ततपासणी." पटकन कळायचं.

नमुना काढायची रीत ठरलेली. गाडी डोंगर उतरून आली की गिअरबॉक्स थंड व्हायच्या आत, मधल्या थरातलं तेल उपसायचं. तळाचं घेतलं तर वर्षानुवर्षांचा गाळ येतो आणि चांगल्या गिअरबॉक्सची नाहक बदनामी होते. उपसलेल्या तेलाच्या दोन बाटल्या भरायच्या. एक मशीनला जायची, दुसरी झाकण घट्ट लावून फळीवर राखीव राहायची, पुढेमागे शंका आली तर पुन्हा तपासायला. त्या गाडीचा पुढचा नमुना आला की जुनी राखीव बाटली टाकाऊ तेलाच्या पिंपात रिकामी व्हायची.

बाटलीवर गाडीचा नंबर लिहायचा, असा नियम होता. पण नमुने काढणाऱ्या मिस्तरीचं आणि आकड्यांचं वाकडं. गाड्यांचे नंबर त्याच्या डोक्यात टिकत नसत. गाडी कोण चालवतो ते पक्कं ध्यानात असे. ड्रायव्हर आणि गाडी वर्षानुवर्षं एकच, त्यामुळे तो जाड काळ्या पेनाने सरळ ड्रायव्हरचं टोपणनाव लिहून मोकळा व्हायचा. फळीवर ओळीने 'पैलवान', 'पाहुणा', 'रेडिओ' उभे असायचे. पैलवान फुंकरीने उडेल असा होता, पाहुणा कामापेक्षा रजेवर जास्त, आणि रेडिओ झोपेत तेवढा गप्प असावा, तसा त्याच्या बायकोचा दावा होता. ताईने नंबरासाठी सुरुवातीला कुरकुर केली, मग तीही त्याच नावांनी गाड्या ओळखू लागली.

एका बाटलीला मात्र गाडी नव्हती. रोज सकाळी मशीन सुरू करताना कोरं, न वापरलेलं तेल थोडंसं जाळून बघावं लागतं; त्याच्याशी ताडून बाकीच्यांचे आकडे वाचायचे. ती बाटली मिस्तरीने हंगामाच्या सुरुवातीला नव्या पिंपातून भरून आणली आणि पेन हातात घेऊन अडून बसला.

"हिचा ड्रायव्हर कोण?"

"कोणी नाही. ते मशीन लावायला लागतं. माझ्याच कामाचं."

"मग तुमचीच की," म्हणत त्याने कागदी पट्टीवर 'ताई' असं लिहिलं, आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन गेला.

आणि एका बाटलीवर 'दादा' होतं. डेपोतले सगळे त्याला दादाच म्हणत. पण ताईचा तो सख्खा मोठा भाऊ.

आईवडील गेले तेव्हा ताई अक्षरं गिरवण्याच्या वयाची होती. दादाला नुकतं मिसरूड फुटत होतं. त्याने शाळा सोडली आणि तो एका ट्रकवर क्लीनर म्हणून लागला. बहिणीला ठेवायचं कुठे, म्हणून तिलाही बरोबर घेतलं. ड्रायव्हरच्या सीटमागच्या फळीवर ती झोपली, तिथेच तिने पाढे पाठ केले, तिथेच तिला गोवर आला. शाळेच्या गावात ट्रक थांबला की दादा तिचे केस विंचरून द्यायचा, वेडेवाकडे, पण घट्ट. पुढे वसतिगृह, कॉलेज, ही नोकरी. या सगळ्यात आपण एकटीने काय केलं, असं ताईने कधी मोजायला घेतलं तर हिशोब दादापाशीच येऊन थांबायचा. ती हे कधी बोलून दाखवत नसे. दादासमोर तर नाहीच. पण रोज सकाळी गेटातून बाहेर पडताना तो तिच्या खिडकीकडे बघून दोनदा हॉर्न वाजवायचा, तेव्हा हातातलं काम ठेवून ती उभी राहायची. त्या माणसाचा जीव रोज त्या उतारावर ज्या तेलाच्या भरवशावर असतो, ते तेल तपासायला आपल्याला मिळालं, यासारखं भाग्य नाही, असं तिला मनापासून वाटे.

त्या वर्षी प्रश्न दादाच्याच गाडीचा आला. ताफ्यातला सर्वांत जुना गिअरबॉक्स त्याचा. तेल आणखी एक हंगाम चालेल का, असं साहेबांनी विचारलं. साहेब म्हणजे डेपोचे मॅनेजर. माणूस वाईट नव्हता, फक्त सगळं काल व्हायला हवं असायचं.

ताईने नमुना तपासला. तेल स्वच्छ. दाटपणा जिथल्या तिथे, झिजेचे आकडे नाममात्र. दुसऱ्या कोणाची गाडी असती तर ती 'चालेल' असं कळवून जेवायला गेली असती. पण गाडी दादाची. राखीव बाटलीही एकदा तपासू, मग कळवू, असं ठरवून तिने फळीवर हात घातला.

बाटली कोमट होती.

ताई थांबली. फळी सावलीतल्या भिंतीला होती. मागून नळ नाही, वायर नाही. तिने बाटली टेबलावर ठेवली, हात पुसले, पुन्हा धरली. तापलेल्या वस्तूसारखी ती नव्हती. नुकतीच कोणाच्या तरी मुठीतून सुटल्यासारखी होती. मशीनच्या बाजूची गरम हवा इथवर येत असेल, असं तिने स्वतःला सांगितलं आणि कामाला लागली. शेजारच्या बाटल्यांना हात लावून बघावं, हे काही तिला सुचलं नाही.

तिने बाटली हलवली, लागतं तेवढं तेल ओतलं आणि मशीन चालू केलं. ठिणगी पडली, आणि खोलीत वास आला. जळक्या तेलाचा वास ताईच्या नाकात घर करून होता. हा तो नव्हता. लहानपणी बोट खरचटलं की आपण ते तोंडात घालतो, तेव्हा जिभेला जे लागतं, ते तिला त्या वासात ओळखू आलं.

पडद्यावर आकडे आले. लोखंड चढलेलं. सोडियम आणि पोटॅशियम चढलेलं, म्हणजे क्षार, साध्या भाषेत मीठ. आणि तेलाचा थेंब गरम तव्यावर टाकला तर तो तडतडला, म्हणजे पाणी.

लोखंड, मीठ आणि पाणी. या तिघांचा अर्थ या धंद्यात एकच. गिअरबॉक्सचं तेल थंड करणारा कूलर आतून फुटलाय, त्यातलं पाणी आणि क्षार तेलात उतरताहेत, आणि आतल्या चकत्या गंजून घसरणीला आल्यात. उतारावर भरलेली गाडी अशा गिअरबॉक्सच्या भरवशावर सोडायची म्हणजे सोडूनच द्यायची.

पण त्याच वेळी, त्याच उपशातून भरलेली जोडीची बाटली स्वच्छ होती. बंद बाटलीतलं तेल फळीवर बसून खराब होत नाही. ही साधी गोष्ट ताईला शिकवायची गरज नव्हती. म्हणून तिने कोणताही चांगला तपासनीस करील तेच केलं. भांडी धुतली, मशीन कोऱ्या तेलावर पुन्हा लावून घेतलं आणि दादाच्या बाटलीतलं तेल पुन्हा ओतलं. या खेपेला भरपूर ओतलं, चूक राहायला नको म्हणून.

आकडे आणखी चढले होते.

संध्याकाळी ती दादाच्या घरी गेली. दादा खाटेवर आडवा पडला होता, तो या वेळी कधी आडवा पडत नसे.

"काही नाही गं चिमणे, आज जरा गरगरलं. ऊन लागलं असेल," तो म्हणाला. ताईला चिमणी म्हणणारा जगात तो एकटाच उरला होता.

"गाडी कशी चाललीय?"

"गाडीला काय धाड भरलीय? लोण्यासारखी चाललीय."

वहिनीने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि ताईकडे निरखून बघितलं. "भाऊ तसा, बहीण तशी. तुझाही रंग उतरलाय हंगाम सुरू झाल्यापासून. जेवतेस ना वेळेवर?"

ताई हो म्हणाली. तिचं लक्ष दादाच्या ओठांकडे होतं. ते पांढरे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तिसऱ्यांदा तपासणी केली. ओतताना तिच्या ध्यानात आलं की बाटलीत आता तळाशी थोडंसंच उरलंय. वास खोलीभर पसरला. आकडे वर आले आणि ते वाचून व्हायच्या आत बाहेर गेटापाशी हॉर्न वाजला. एकदा. दुसरा आलाच नाही.

ताई होती तशी धावली. तिने गेटात ट्रेलरच्या समोर उभं राहून दोन्ही हात पसरले.

दादा खिडकीतून डोकावला. चेहरा पिठासारखा. "अगं, चिरडली जाशील ना! वर लोड थांबलाय माझा."

"थांबू दे. गाडी आत घे. गिअरबॉक्स उघडायचाय."

दादाने तिच्याकडे बघितलं, आणि काही न विचारता गाडी मागे घेतली. सगळा डेपो गोळा झाला. साहेब घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घालू लागले. मिस्तरीने गिअरबॉक्स उतरवला, तेल परातीत सोडलं, कूलर हवेने तपासला, चकत्या एकेक करून फडक्यावर मांडल्या.

"ताई," तो अवघडून म्हणाला, "कूलर ठणठणीत आहे. चकत्यांवर ओरखडासुद्धा नाही. आणि तेल बघा, त्यात तोंड दिसेल."

रेडिओला तेवढंच हवं होतं. "ताईंचं तेल खोटं बोलायला लागलं! आता आमच्या बायकांना येऊ द्यायला हरकत नाही!"

माणसं हसली. साहेब हसले नाहीत. "बाई, सगळी सकाळ गेली," एवढंच म्हणाले, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. ताईच्या कानशिलांवर रक्त चढलं.

दादा वर्कशॉपच्या बाकावर बसून होता. "माझी बहीण आहे ती," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तिने थांब म्हटलं की थांबायचं. विषय संपला."

आणि बोलता बोलता तो बाकावरून बाजूला कलला. हळूच, कोणीतरी आधार काढून घ्यावा तसा. त्याचं डोकं जमिनीला लागायच्या आत पैलवानाने ते धरलं.

दवाखाना डेपोच्या मागच्याच गल्लीत होता, म्हणून निभावलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी होती.

"अंगात रक्तच नाहीये," त्या म्हणाल्या. "जखम नाही, आत कुठे वाहिलेलं नाही, जुना आजार दिसत नाही. कोणीतरी काढून घेतल्यासारखं गेलंय. कुठे गेलं ते मला सांगता येत नाही. पण गाडी थांबवली नसती तर हा माणूस अर्ध्या तासापूर्वी कुठे असता म्हणालात?"

"उतारावर," पाहुणा म्हणाला. "भरलेली गाडी घेऊन."

वहिनीने ताईचे दोन्ही हात धरले आणि त्यांत तोंड खुपसून ती रडायला लागली. "तू होतीस म्हणून गं. तू होतीस म्हणून माझं घर राहिलं." रेडिओ कोपऱ्यात उभा होता. त्याने नुसते हात जोडले. साहेबही आले आणि खाली मान घालून उभे राहिले.

ताई सगळ्यांच्या मधे उभी होती. दादा वाचला होता. देवाचे, दवाखान्याचे, त्या मशीनचे, कोणाकोणाचे आभार मानू असं तिला झालं होतं. फक्त मनाच्या एका कोपऱ्यात ती तेल ओतत होती. एकदा. दुसऱ्यांदा, भरपूर. तिसऱ्यांदा, तळापर्यंत.

रक्त तिचं जुळलं. ती दादाच्या शेजारच्या खाटेवर आडवी झाली. नर्सने नळी लावली आणि पिशवीवर चिकटवलेल्या पट्टीवर पेनाने काहीतरी लिहिलं. पिशवी भरू लागली. ताईने मान भिंतीकडे फिरवली. तो लाल रंग तिच्या रोजच्या ओळखीचा होता.

डेपोत ती परतली ती दुसऱ्या दिवशी. गिअरबॉक्स उतरत होता तेवढ्यात बाटली बंद करून प्रयोगशाळेला तिने स्वतः कुलूप लावलं होतं, ती तशीच होती. दादाची बाटली टेबलावर होती. झाकणावर तिनेच गुंडाळलेली चिकटपट्टी जशीच्या तशी, टोक दुमडलेलं, ती नेहमी दुमडते तसं.

बाटली निम्म्यापर्यंत भरलेली होती.

ताईने ती उचलली. उबदार. तिने ती गालाला लावली, आणि मग तिला रडू कोसळलं. कसं, का, हे तिने विचारलं नाही. दादा होता. तिच्या हातात होता. ती कितीतरी वेळ तशीच उभी राहिली, आणि तेवढा वेळ तिच्याइतकी सुखी बाई आसपास कुठे नसेल.

मग तिने फळीकडे बघितलं.

पहिल्या बाटलीला हात लावला. दुसरीला. पुढचीला. खुडूक कोंबडीखाली हात घालावा आणि अंडी लागावीत, तशी सगळी ओळ उबदार होती. 'रेडिओ' लिहिलेली बाटली हातात बारीक थरथरत होती. ताईने खिडकीतून बघितलं. ओट्यावर रेडिओ मिस्तरीला काहीतरी सांगत होता, हातवारे करून, न थांबता. तो श्वास घ्यायला थांबला तेव्हा बाटलीही थांबली.

यापूर्वीच्या हंगामांतल्या राखीव बाटल्या आपण कुठे ओतल्या, आणि त्या हंगामांत कोण कोण आजारी पडलं, हा विचार तिने दारातच अडवला.

मशीनशेजारी एक बाटली उरली होती. गाडी नसलेली.

रोज सकाळी तिच्यातलं थोडंसं ठिणगीखाली गेलं होतं. काम सुरू करायच्या आधी, सवयीने. ती अर्ध्यावर आली होती, ताईला नक्की आठवत होतं. आता चार बोटंच तेल होतं.

तिने ती उचलली नाही. नुसतं बोट टेकवलं.

त्या दिवसापासून तिने कामाची रीत बदलली. मशीन लावायला नवी कोरी बाटली मागवली आणि मिस्तरी पेन काढू लागला तशी ती ओढून घेतली. "हिच्यावर काही लिहायचं नाही." पुढच्या नमुन्यांवर गाडीचा नंबरच हवा, म्हणून ती हटून बसली. मिस्तरीने हूं की चूं केलं नाही. दादाचा जीव वाचवणाऱ्या बाईने सांगितलं असतं तर त्याने उलटा उभा राहून नंबर लिहिले असते. नावांच्या सगळ्या बाटल्या तिने लोखंडी कपाटात हलवल्या, प्रत्येकीभोवती कापूस लावून. दादाची वरच्या कप्प्यात ठेवली, स्वतःची खालच्या. दोन्हींच्या कागदी पट्टीवर तेलाच्या कडेशी पेन्सिलीने बारीक रेघ ओढली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. मोजून बघायची सवय, दुसरं काय.

दादा सुधारत गेला. डॉक्टरीणबाई चकित होत्या. एकदाच रक्त दिलं, पण त्यानंतर आपोआप भरत चाललंय म्हणाल्या. तो घरी आला, फिरू लागला, जेवणाला मागून घेऊ लागला. ताईला पाहिलं की त्याचे डोळे भरत.

"लहानपणी तुला मी वाढवलं असं लोक म्हणतात," तो एकदा म्हणाला. "आता फिटंफाट झाली म्हण. उलट मीच देणं लागतो."

"असं बोलू नकोस रे," ताई म्हणाली आणि खुर्चीत बसली, कारण उभ्या उभ्या तिला अंधारी आली होती.

कपाट ती रोज उघडत होती. वरच्या बाटलीतली लाल कड रेघेच्या वर चढली होती. खालच्या बाटलीतली खाली. थेंबभर आज, थेंबभर उद्या. दोन्ही झाकणं घट्ट होती.

खालच्या बाटलीवरचं नाव खरवडून काढता आलं असतं. तिने एकदा नख लावलंही. 'ताई' मधल्या काळ्या शाईचा कण निघाला, आणि त्याच क्षणी वरच्या बाटलीतलं तेल हललं, झोपेत कोणी कूस बदलावी तसं. तिने नख काढून घेतलं.

मग एका सकाळी दादा खिडकीशी येऊन उभा राहिला. गाल लाल, केस नीट विंचरलेले, अंगात कामाचे कपडे.

"चिमणे, डॉक्टरांनी परवानगी दिली. आज गाडी काढतोय. खरं सांगू? असं ताजंतवानं मला, तुला घेऊन ट्रकवर फिरायचो तेव्हासुद्धा, वाटलं नव्हतं."

"सावकाश जा," ताई म्हणाली. "उतारावर घाई करू नकोस."

"तू असताना मला कसली भीती?" तो हसला आणि गेला.

ताईने कपाट उघडलं. दोन्ही हातांनी आपली बाटली उचलली, कारण एका हातात तेवढं बळ उरलं नव्हतं, आणि ती वरच्या कप्प्यात दादाच्या बाटलीला खेटून ठेवली.

गेटापाशी हॉर्न वाजला. दोनदा, पूर्वीसारखा, खणखणीत.

तिच्या बाटलीतली लाल कड जराशी खाली सरकली.

ताईने अंगठा ओला केला आणि पट्टीवरची पेन्सिलची रेघ पुसून टाकली.